तांबडी माती, गुलाल आणि सेकंड हँड निकॉन डी७५००

“ओ कॅमेरावाले, ती खटखट थांबवा जरा. पोरांचं ध्यान जातंय.”

पहाटेचे पावणेसहा. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतल्या एका तालमीत मी हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला मांडी घालून बसलो होतो. हातात चार दिवसांपूर्वी घेतलेला निकॉन डी७५००, आरशाचा डीएसएलआर कॅमेरा. सेकंदाला ८ फोटो काढतो म्हणून हौसेनं बटण दाबून धरलं, आणि त्या शांत तालमीत शिलाई मशीन चालू झाल्यागत आवाज झाला. जोर मारणारी पोरं थांबून बघायला लागली. वस्तादांचा आवाज चढायच्या आत मी डावीकडची चकती फिरवून ‘क्यू’वर आणली. हा शांत मोड. तसा तो फार शांत नाही, आरसा वर जायचा तो जातोच, पण खाली येताना जरा दबकत येतो. वस्तादांनी मान डोलावली, मी राहिलो. तेव्हापासून वर्ष होत आलं, आठवड्यातल्या दोन पहाटा तरी तिथंच असतात.

मी धंद्यानं फोटोग्राफर नव्हे. उद्यमनगरात माझं लहानसं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. पूर्वी ऑइल इंजिनाचे पार्ट करायचो, आता व्हॉल्व्हचे जास्त. फोटोचा नाद वीस वर्षांचा. याच गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं घडवला, त्यामुळं आमच्याकडं लेथवाल्यानं कॅमेऱ्यात नाक खुपसलं तर कुणाला नवल वाटत नाही. आधी माझ्याकडं डी३२०० होता. ११ फोकस पॉइंट, सेकंदाला ४ फोटो. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, पन्हाळ्यावरचं धुकं, घरातले वाढदिवस, सगळं त्यानं नीट केलं. कुस्तीला मात्र तो कमी पडायचा. पैलवान पट काढून मोकळा व्हायचा आणि माझ्या फोटोत नुसती त्याची पाठ यायची.

डी७५०० बाजारात आला २०१७ साली. मग एवढ्या उशिरा त्याच्याबद्दल कशाला लिहायचं? कारण आत्ताच तो आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडायला लागलाय. लग्नाचं काम करणारी पोरं भराभर मिररलेसकडं, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडं, वळताहेत आणि चांगल्या चालीतल्या बॉड्या विकायला काढताहेत. मला असाच एक मिळाला. बॉडी आणि १८-१४० मिमीची झूम लेन्स मिळून ४६ हजार. विकणारा पोरगा प्रामाणिक होता. “काका, घासलाय पण मारलेला नाही,” म्हणाला.

सेकंड हँड घेताना मी काय बघितलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच लोक फसतात. पहिलं शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढलेत तो आकडा. कॅमेऱ्यातून ताजा जेपेग काढला आणि त्याची माहिती कॉम्प्युटरवर वाचली, आकडा ४१ हजाराच्या आसपास निघाला. या शटरची चाचणी कंपनीनं दीड लाखापर्यंत केलेली आहे, म्हणजे पाऊण आयुष्य शिल्लक. मग लेन्स लावून माउंटला, म्हणजे लेन्स बसते त्या कडीला, खेळ आहे का बघितला. ही आमची धंद्याची सवय. लेन्स धरून हलक्या हातानं डावीउजवीकडं पिळायची. केसभर हालते, तेवढं चालतं, पण टक्टक् असा आवाज आला तर बॉडी कुठंतरी आपटलेली असते. कार्डाच्या खाचेत मोबाइलची बॅटरी मारून पिना सरळ आहेत का पाहिलं. अंगठ्याखालचं रबर सुटलेलं होतं, ते दाखवून हजार रुपये कमी करून घेतले. मग रंकाळ्यावर जाऊन लेन्सचं छिद्र बारीक, एफ १६, ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढला. सेन्सरवर धूळ असली तर अशा फोटोत काळे ठिपके दिसतात. चार होते, ब्लोअरनं तीन गेले.

आणि लेन्समधली बुरशी. कोल्हापूरच्या पावसात ही तपासणी चुकवायचीच नाही. आमच्याकडं जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा पांढरं येतं, तिथं लेन्सचं काय घेऊन बसलात. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाइलची बॅटरी मारायची आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर फुकट मिळाली तरी नको. माझी लेन्स स्वच्छ निघाली. आता ती घट्ट झाकणाच्या धान्याच्या डब्यात सिलिका जेलबरोबर असते. बायकोनं त्या डब्यावर ‘डाळ नाही’ असं लिहून चिकटवलंय.

आता यंत्राबद्दल. हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा आवडलं नाही ते त्याचं अंग. याच मालिकेतल्या आधीच्या डी७२००ला वर आणि मागं मॅग्नेशियमचं कवच होतं. डी७५००चं अंग कार्बन फायबर घातलेल्या प्लॅस्टिकचं, एकाच साच्यातलं. धातूत हात घातलेल्या माणसाला प्लॅस्टिक म्हटलं की नाक मुरडायची सवय. पण बॅटरी आणि कार्डासकट वजन ७२० ग्रॅम, डी७२००पेक्षा ४५ ग्रॅमनं कमी, आणि पकड खोल. माझा पंजा मोठा आहे, चारही बोटं बसतात. पुढची मागची चाकं अंगठा-तर्जनीला न बघता सापडतात, त्यांचं नर्लिंग (कडेच्या बारीक खाचा) नीट कापलेलं आहे, घामानं सटकत नाही. महिनाभरात माझं नाक सरळ झालं.

मागचा स्क्रीन वरखाली वाकतो, बाजूला वळत नाही. मला वरखालीच हवा होता. तालमीतला चांगला फोटो हौद्याच्या मातीच्या पातळीवरून मिळतो, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मातीत पालथं पडलं की उठायला एखाद्या पैलवानाचा हात लागतो. स्क्रीन वाकवून कॅमेरा नुसता मातीशी टेकवायचा.

आता मुख्य परीक्षा: तालमीतला उजेड.

तालमी दिवसाही अंधाऱ्याच असतात. जाड भिंती, लहान खिडक्या, वर दोनचार ट्यूब किंवा स्वस्तातले एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असले दिवे सेकंदाला १०० वेळा मोठे-बारीक होतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण शटर १/५०० सेकंदावर ठेवलं की त्या चढउताराचा लहानसा तुकडा तेवढा कॅमेऱ्यात येतो. त्यामुळं सलग काढलेल्या आठ फोटोंत दोन उजळ, तीन मळके, बाकीचे पिवळट असा प्रकार होतो. जुन्या कॅमेऱ्यावर मी याला माझीच चूक समजायचो. डी७५००मध्ये हा फ्लिकर, म्हणजे दिव्याची लुकलुक, कमी करण्याची सोय आहे. कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि दिवा सगळ्यात मोठा असेल त्या क्षणाची वाट बघून शटर सोडतो. त्यासाठी सेकंदाला आठऐवजी थोडे कमी फोटो मिळतात, पण सगळे एका रंगाचे. ही सोय आधी मेनूत जाऊन चालू करावी लागते, आणि ती व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढतानाच चालते. माझ्या मते या कॅमेऱ्याचं इथल्या माणसाला खरं मोल इथं आहे. लग्नाचं कार्यालय असो की शाळेचं स्नेहसंमेलन, आपलं अर्धं आयुष्य असल्याच दिव्यांखाली जातं.

आयएसओचं, म्हणजे कमी उजेडात फोटो काढायच्या ताकदीचं म्हणाल तर सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, निकॉनच्या वरच्या वर्गातल्या डी५००चाच. तालमीत मी ३५ मिमी एफ १.८ लेन्स लावून आयएसओ ३२००वर असतो, आणि ते फोटो मी कुणालाही बिनदिक्कत दाखवतो. ६४००ला बारीक रवा दिसायला लागतो, पण मातीनं माखलेल्या अंगावर तो शोभतो. १२,८०० फक्त व्हॉट्सॲपला. वाढवून वाढवून हा आकडा १६,४०,००० पर्यंत नेता येतो म्हणे. तो आकडा चौकातल्या फ्लेक्ससाठी असावा, फोटोसाठी नव्हे.

कमी मेगापिक्सेलची काही मंडळींना खंत वाटते. डी७२००ला २४ होते, इथं २०.९. माझा हिशेब साधा. फोटो ५५६८ बाय ३७१२ पिक्सेलचा येतो. ३००च्या डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापला तर साडेअठरा इंच लांब. आपल्याकडं लॅबवाला सर्रास छापून देतो ती मोठी साइझ १२ बाय १८. पुरे झालं की.

असाच एक १२ बाय १८ मी वस्तादांना नेऊन दिला. दोन पोरांची लढत होती, ढाक हा डाव लावायच्या क्षणाचा फोटो. मला वाटलं म्हणतील वा, काय फोटो आहे. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला आणि पोराला हाक मारली. “हिकडं ये. हे बघ. टाच उचलल्याली हाय तुझी. म्हणून पडलास.” फोटोत खरंच टाचेखाली मातीचा एक पदर सुटलेला दिसत होता, चार दाणे हवेत. पोरगं गप्प उभं. आता दर पंधरवड्याला वस्ताद विचारतात, “कॅमेरावाले, टाचेचं काय आणलंय का?”

हा क्षण मिळाला त्याचं श्रेय फोकसला आणि बफरला वाटून द्यायला लागेल. फोकसचे ५१ पॉइंट, त्यातले मधले १५ क्रॉस प्रकारचे, म्हणजे उभी आडवी दोन्ही रेघ ओळखणारे. कडेचे पॉइंट एकाच दिशेची रेघ ओळखतात. मातीनं सारखं झालेल्या उघड्या अंगावर पकडायला रेघच नसते, म्हणून मी मधला गट वापरतो आणि चौकट नंतर कापतो. लंगोटाची कड आणि कान, या दोन जागी फोकस घट्ट बसतो. मिररलेसवाले मित्र डोळ्यावर आपोआप फोकस होतो म्हणून कौतुक सांगतात. खरं आहे, माणसांचे फोटो काढायला त्यासारखं सुख नाही. पण कुस्तीत डोळे दिसतात कधी? निम्मा वेळ डोकं दुसऱ्याच्या काखेत.

बफर म्हणजे बटण दाबून धरल्यावर कॅमेरा किती फोटो दमानं घेत राहतो ते. डी७५०० पूर्ण दर्जाचे ५० रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) फोटो घेतो, सहा सेकंदांचा ऐवज झाला. डी७२०० याच दर्जाला १८ फोटोंत दम टाकायचा. खडाखडी चालू असताना सहा सेकंद फार वाटतात, पण एकदा डाव लागला की चितपट व्हायला तीन-चार पुरतात. माझा हात आता शिकलाय. खांदा खाली गेला की बटण.

खासबागेत उन्हाळ्यात एका मैदानाला गेलो होतो तेव्हाची गोष्ट वेगळी. राजर्षी शाहूंनी बांधलेलं हे मैदान वाडग्यासारखं आहे, बसाल तिथून हौदा दिसतो. दिसतो पण लांब. मी ७०-३०० लेन्स नेली होती. भर दुपारी मिररलेसवाला शेजारी स्क्रीनवर टोपी धरून बघत होता. मी आपला व्ह्यूफाइंडरला डोळा लावून. पेंटाप्रिझमचा आहे, चौकट शंभर टक्के दिसते, आणि काचेतून दिसतं ते खरं ऊन असतं. आता इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरही चांगले येतात, त्याच्यावर मी भांडणार नाही. पण दिवसभर डोळा लावून बसलं तरी बॅटरी एक काडी खाली येते याचं सुख काही औरच. कंपनी एका चार्जिंगला ९५० फोटो सांगते. सलग काढले तर जास्तच निघतात, मी जोतिबाला एका बॅटरीत १४०० काढलेत. निकॉनच्याच मिररलेस झेड५०चा कागदावरचा आकडा ३००च्या आसपास आहे.

आणि तांबडा रंग. कोल्हापुरात कॅमेरा घेणाऱ्यानं हे एवढं वाचावंच.

आमची माती तांबडी, पैलवानाच्या अंगावर ती चढलेली, जत्रेत गुलाल. कॅमेऱ्याचं मोजमाप पूर्ण चौकटीचा उजेड धरतं आणि म्हणतं, ठीक आहे. पण आतमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन हिशेब चाललेले असतात, त्यातला लाल केव्हाच भरून वाहायला लागलेला असतो. मग फोटोत गुलालाचा नुसता थर येतो, त्यात कण नाहीत, सुरकुती नाही, चेहऱ्यावर रंगाचा फ्लेक्स चिकटवल्यासारखं. पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघून हे कळत नाही. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवणारं पान चालू करून ठेवायचं आणि लालची टेकडी उजव्या भिंतीला चिकटली की उजेड अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करायचा. हा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळं रॉ फाइलमध्ये थोडी जागा अजून शिल्लक असते. जेपेगच काढणार असाल तर पिक्चर कंट्रोल, म्हणजे रंगांची सेटिंग, ‘न्यूट्रल’ ठेवा, ‘व्हिव्हिड’च्या वाटेला जाऊ नका.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीला गेलो तेव्हा याची कसोटी लागली. सासनकाठ्या नाचताहेत, चांगभलंचा गजर, आणि हवेत गुलाल इतका की पंधरा फुटांवरचा माणूस गुलाबी. मी हायलाइटला जपणारं मोजमाप निवडलं. हे डी७२००ला नव्हतं, इथं आहे. त्यानं चौकट काळवंडलेली आली, पण घरी आल्यावर रॉमधून सावल्या वर काढल्या तर घामाच्या ओघळानं गुलालात पडलेली रेघ न रेघ दिसली. एका आजोबांच्या कपाळावरचा गुलाल वाळून तडकला होता. त्या भेगासुद्धा.

गुलालात लेन्स बदलायची नाही हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झूम कमी वापरा. १८-१४० फिरवली की नळी पुढं येते, मागं जाते, म्हणजे लोहाराचा भाताच. दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि त्या दिवशी हवा म्हणजे गुलाल. बॉडीच्या सांध्यांना सील आहेत म्हणून माणूस गाफील राहतो, पण लेन्सच्या नळीचं काय? मी दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लॅस्टिक पिशवी कापून वरून चढवली, हुडला रबर बँड लावला, आणि झूम ३५ला ठेवून पायांनी पुढंमागं झालो. तरीही घरी आल्यावर फ्लॅशच्या खाचेतून गुलाबी निघालंच. ब्लोअर आणि मऊ ब्रश, ओलं फडकं अजिबात नाही. ओला गुलाल म्हणजे रंग, आणि रंग प्लॅस्टिकला बसला की बसला.

गुऱ्हाळाबद्दल थोडक्यात. थंडीत पहाटे गेलो तर बाहेरून आत शिरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं गप्प बसून काकवी प्यायची. मग चुलवणाच्या तोंडाचा जाळ आणि त्याच्यासमोर चिपाडं टाकणाऱ्या माणसाची काळी आकृती. आयएसओ १००ला जाळ सांभाळून काढा. या सेन्सरमध्ये अंधार इतका वर उचलता येतो की नंतर काहिलीवर वाकलेल्या गुळव्याच्या मिशासुद्धा दिसतात.

आता रुसवे.

पहिला रुसवा कार्डाचा. डी७२००ला दोन कार्डं बसायची, डी७५००ला एकच. विकत घेताना मला हे माहीत होतं, आणि मी म्हटलं, मी काय लग्नाची ऑर्डर घेतो? फेब्रुवारीत भुदरगडकडच्या एका गावाच्या म्हाईत, म्हणजे जत्रेत, कुस्तीचं मैदान होतं. दुपारी तीनपर्यंतच्या सगळ्या लढती एका ६४ जीबीच्या कार्डात. कार्ड कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, स्वस्त होतं एवढं कबूल करतो. चार वाजता कॅमेऱ्यानं कार्ड वाचायचं नाकारलं. काढून घातलं, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. गावात ज्या पोराच्या पहिल्या मोठ्या कुस्तीसाठी गेलो होतो त्याचे वडील शेजारीच उभे. “आलं न्हवं आमचं?” मी हो म्हणालो. खोटं बोललो. रात्री रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून निम्मे फोटो निघाले, त्याच्या कुस्तीचे अकराच, आणि नेमका चितपटीचा नाही. दोन कार्डांची खाच असती तर दुसऱ्यावर जशीच्या तशी प्रत राहिली असती. आता मी ३२चीच कार्डं वापरतो आणि दर दोन तासांनी बदलतो. पैसे घेऊन काम करणार असाल तर जुना डी७२०० शोधा, नाहीतर डी५००पर्यंत जा. हा घेऊ नका.

दुसरा रुसवा भावनेचा आहे. मामांचा महाद्वार रोडला स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर त्यांनी मला १०५ मिमी एफ २.५ अशी जुनी हातानं फिरवायची लेन्स दिली. निकॉनचा हा माउंट १९५९पासूनचा, त्यामुळं लेन्स डी७५००वर खट्कन बसते. पण छिद्र कितीवर आहे हे कॅमेऱ्याला सांगणारा माउंटच्या कडेचा लहान कान डी७२००ला होता, इथं काढून टाकलाय. त्यामुळं असली लेन्स फक्त मॅन्युअल मोडवर चालते आणि कॅमेरा उजेड मोजून देत नाही. असला कान करायला काय लागतं हे मला चांगलं ठाऊक आहे, मी रोज तसलेच तुकडे काढतो. असो. मी अंदाजानं उजेड लावतो, हिस्टोग्राम बघतो, दुरुस्त करतो. मामा तर मीटरशिवायच करायचे.

उलट बाजू अशी की पन्नासची एफ १.८ डी, ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, ती इथं ऑटोफोकस करते, कारण मोटर बॉडीत आहे आणि माउंटमधल्या स्क्रूनं ती लेन्सचं चाक फिरवते. माझ्या डी३२००ला हे जमत नव्हतं. निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावून तीच लेन्स मिररलेसवर घेतली तरी फोकस हातानंच करावा लागतो. ज्यांच्या कपाटात अशा जुन्या लेन्सा आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावं.

व्हिडिओसाठी हा कॅमेरा घेऊ नका. ४के आहे, सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत, पण तो सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो, दीडपट कापून. १८ मिमी लेन्स मग पूर्ण फ्रेमच्या भाषेत ४० मिमीच्या आसपास जाऊन बसते. पुतणीच्या हळदीला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी भिंतीला पाठ टेकून उभा, तरी निम्म्या आत्या चौकटीबाहेर. स्क्रीनवर बघून फोकस करायची पद्धतही जुन्या ढंगाची, आधी पुढं जाऊन मागं येणारी. शाहूपुरीतल्या मित्राकडं कॅननचा ८०डी आहे. त्याला ४के नाही, पण ड्युअल पिक्सेल नावाच्या सोयीमुळं त्याचा व्हिडिओतला फोकस लोण्यासारखा सरकतो आणि स्क्रीन बाजूलाही वळतो. मिसळ खाताना आमचं यावर दर रविवारी भांडण असतं. तो त्याचे ४५ क्रॉस पॉइंट काढतो, मी माझे ५० रॉ. कट आल्यावर दोघंही गप्प होतो.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिनं सरळ विचारलं, “बाबा, निकॉन-कॅननवाले आता नवे डीएसएलआर काढतच नाहीत, तर जुनं कशाला घेतलंत?” बरोबर आहे तिचं. नवीन काही येणार नाही, नव्या लेन्सा सगळ्या मिररलेसला. पण माझ्या वर्कशॉपमधला एक लेथ माझ्या जन्माच्या आधीचा आहे, आणि अजून त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम निघतं. तिला हे पटलं नाही. तिचा फोन पंधरा हजारांत माझ्यापेक्षा चांगली रील काढतो, हे मलाही पटलेलं आहे.

घ्यायचाच असेल तर माझा आकडा सांगतो. ५० हजारांखालच्या शटरची, रबर घट्ट असलेली नुसती बॉडी ३५ हजारांपर्यंत घ्यावी. त्यापुढं गेलात तर थोडी भर घालून मिररलेस बघा. १८-१४० बरोबर मिळत असेल तर उत्तमच, नाहीतर आधी ३५ची एफ १.८ घ्या, ती तालमीपासून देवघरापर्यंत चालते. पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नका. घेतलात तर आधी डबा आणि सिलिका जेल आणा, मग कॅमेरा.

अंगठ्याखालचं रबर मी स्वतःच बसवलं, दुतर्फा टेप लावून. परवा उन्हात परत सुटलं. आता त्या मापाचं लेदर कापून बघणार आहे, सुभाष रोडला चपलांचं लेदर मिळतं तिथून.